तारखेची पट्टी

फोन वाजला तेव्हा त्याचे दोन्ही हात खळीने बरबटलेले होते. पाण्याच्या टाकीच्या लांबलचक भिंतीला शिडी लावून तो पोस्टर चिकटवत होता. पोस्टर सरळ बसलं होतं. मधे आलेला फुगाही त्याने तळहाताने दाबून काढला होता. आता खालच्या कोऱ्या चौकटीत तारखेची पट्टी तेवढी लावायची होती.

मोठ्या सिनेमांची पोस्टरं तारखेसकट छापून येतात. त्याने आणि बायकोने थिएटर मिळायच्या आधीच, एकदम छापली तर स्वस्त पडतात म्हणून, आपल्या सिनेमाची सगळी पोस्टरं छापून घेतली होती आणि खाली पांढरी चौकट मोकळी सोडली होती. थिएटर ठरलं की नाव आणि तारीख वेगळ्या पट्टीवर छापायची आणि तिथे डकवायची. पट्टी शिडीच्या वरच्या पायरीवर उलटी ठेवलेली होती, खळ लावून तयार.

त्याने कोपराने खिसा वर ढकलून कसाबसा फोन काढला. मेहुण्याचा होता.

"भावोजी, कुठे आहात?"

"भिंतीवर."

"खाली उतरा."

"का? काय झालं?"

"आधी उतरा हो. मग बोलू."

तो उतरला. एकेक पायरी, सांगितल्यासारखी. जमिनीवर पाय टेकल्यावर म्हणाला, "उतरलो. डॉक्टर आत आहेत ना तिच्याजवळ?"

"होते," मेहुणा म्हणाला. "आता बाहेर आलेत."

सकाळी तिनेच त्याला दवाखान्यातून हाकललं होतं. "इथे बसून माझं तोंड काय बघताय? शुक्रवार परवावर आलाय आणि टाकीच्या भिंतीवर आपलं एकही पोस्टर नाही. सगळ्या बस तिथे थांबतात. माणसाला बस येईपर्यंत बघायला काहीतरी लागतं. जा." तो उठला नाही तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मग तो उठला होता.

शिडी, बादली, ब्रश सगळं तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी मेहुणा शिडी घेऊन आला. बादली कुणीतरी नेली होती. पट्टी वाऱ्याने कुठे गेली, कुणी बघितलं नाही.

त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. बायको फोटो स्टुडिओत कामाला होती. लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापायचे आणि जोडायचे, हेच काम तिने उभा जन्म केलं. परक्या नवऱ्या, परके नवरे, परक्यांच्या रडणाऱ्या आया. घरी आल्यावर ती म्हणायची, "आज एका नवरीचं हसू सापडेना हो. अख्ख्या चित्रीकरणात बाई हसलीच नाही. शेवटी तिच्या बहिणीचं हसू ओझरतं लावून दिलं."

मग एक दिवस तिने स्वतःचा सिनेमा काढायचा ठरवला. लोक हसले. तोही हसला, पण तिच्यासमोर नाही. सिनेमा दर रविवारी थोडा थोडा झाला. स्टुडिओवाल्याने कॅमेरा भाड्याशिवाय दिला. नायिका म्हणून शाळेतली एक शिक्षिका मिळाली. पगारी माणूस एकही नव्हता. काठीला बांधलेला माइक माणसांच्या डोक्यावर धरून उभं राहायचं काम त्याचं. "मशीनवाल्यांचा हात हलत नाही," असं ती सगळ्यांसमोर कौतुकाने सांगायची आणि पुढच्याच दमात म्हणायची, "आणि हलला तर आज जेवायला वाढणार नाही."

गोष्ट साधी होती. बसस्थानकावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसणारी एक बाई असते. एक सुटकेस वर्षानुवर्षं कुणी न्यायला येत नाही. एक दिवस ती स्वतःच सुटकेस उचलते आणि आतल्या पत्त्यावर पोचवायला दूरच्या गावी जाते. त्या घराच्या बंद दारापाशी सिनेमा संपतो. हेच चित्र पोस्टरवर होतं. बाई पाठमोरी, हातात सुटकेस, समोर दार.

त्या दाराचे तिने तीन शेवट घेतले होते. एकात दार उघडतं. एकात उघडत नाही. एकात बाई बेल न वाजवताच मागे फिरते. दार मेहुण्याच्या घराचं होतं आणि उघडायचं कामही मेहुण्याचंच. त्यासाठी तो नवाकोरा शर्ट घालून उभा राहिला तेव्हा ती ओरडली होती, "अरे, भरदुपारी घरात बसलेला माणूस इस्त्री करून बसतो का? जा, बनियनवर ये." मेहुणा रुसला. त्या रुसलेल्या तोंडानेच त्याने दार उघडलं, आणि ती म्हणाली, अगदी हवं तसं झालं.

तिन्ही वेळा माइक त्याने धरला होता. पण तिने शेवटी कुठला ठेवला, ते त्याला माहीत नव्हतं. जोडणी ती एकटीच करायची, दार लावून. तो चहा घेऊन गेला की पडद्यावर हात ठेवायची.

"सांग की कुठला ठेवलास."

"हॉलमध्ये बघायचा. परक्या माणसांच्या मधे बसून. लॅपटॉपवर बघितलात तर माझ्याशी गाठ आहे."

"मी काय परका आहे?"

"तेच तर. ओळखीच्या माणसांनी छान म्हटलं की मला काही कळत नाही. माझा भाऊ छान म्हणणार, तुम्ही छान म्हणणार. मला ज्याने माझं नाव ऐकलं नाही असा माणूस हवाय. त्याने तिकीट काढून बसावं, आणि शेवटी खुर्चीतून उठायला त्याला थोडा वेळ लागावा. एवढंच बघायचंय मला."

त्याने वचन बिचन काही दिलं नव्हतं. नुसतं "बरं" म्हटलं होतं.

थिएटरसाठी सिनेमाची वेगळी प्रत करून घ्यावी लागते. ती करून देणाऱ्या लॅबमध्ये दोघं गेले तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं होतं, "कुलूप घालायचंय का? छोट्या सिनेमांना नाही घातलं तरी चालतं."

"म्हणजे काय होतं?" तिने विचारलं.

"प्रत कुलूपबंद होते. मग आम्ही किल्ली देतो. म्हणजे एक फाइल असते. ती ज्या थिएटरच्या ज्या मशीनसाठी बनवली त्यालाच लागते, आणि ठरलेल्या दिवसांतच लागते. मुदत संपली की सिनेमा उघडत नाही. चोरी होऊ नये म्हणून."

"घाला," ती म्हणाली.

जिना उतरताना तो तिला म्हणाला, "अगं, आपला सिनेमा चोरायला कोण बसलंय?"

"नसू दे बसलेलं. उघड्या घरात काही नाही असंच समजतात लोक." मग जिन्यात थांबून, धाप आवरत ती हसली. धाप तेव्हा नुकतीच लागायला सुरुवात झाली होती. "तुमच्या दुकानाला नाही का कुलूप? आत काय ठेवलंय? सुया आणि दोरे!"

थिएटर मिळवायला मात्र जन्म गेल्यासारखं झालं. ती एकेका मॅनेजरपुढे जाऊन बसायची. कुणी म्हणायचा, नट कोण आहे? कुणी म्हणायचा, गाणी आहेत का? एक जण तर म्हणाला, "बाई, चांगला असेल हो तुमचा सिनेमा, पण चांगल्याचं मी करू काय?" शेवटी जुन्या बाजारामागच्या थिएटरच्या मॅनेजरने एक शुक्रवार ते रविवार सकाळचा खेळ दिला. ज्या वेळेला एरवी पडदा बंदच असायचा, ती वेळ. तिने त्या तीन दिवसांची किल्ली बनवून घेतली, पट्ट्या छापून घेतल्या आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात भरती झाली.

ती बुधवारी गेली. शुक्रवारी घर माणसांनी भरलेलं होतं. शनिवारीही, रविवारीही. मेहुण्याने थिएटरला कळवलं होतं. मॅनेजर भला माणूस, स्वतः घरी आला. दारातच हात धरून म्हणाला, "शोची काळजी करू नका. पुढच्या महिन्यात एक मंगळवार सकाळ मोकळी आहे. ती तुमची. मी कुणाला देत नाही." सगळ्यांना बरं वाटलं. त्यालाही वाटलं. किल्लीची आठवण कुणाला झाली नाही. जिला झाली असती ती नव्हती. सिनेमा ज्या तीन दिवसांत उघडणार होता, ते तीन दिवस घरात सतरंज्या अंथरलेल्या होत्या.

मधल्या दिवसांत मेहुणा एकदा म्हणाला, "भावोजी, कशाला थिएटरच्या मागे लागताय? सरळ इंटरनेटवर टाकून देऊ. फुकट. सगळे नातेवाईक बघतील. ताईची आठवण राहील."

"नातेवाइकांसाठी नाही केला तिने."

"मग कुणासाठी केला?"

"तेच बघायचंय," तो म्हणाला.

एका वितरकालाही त्याने फोन केला होता. तो माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बाई गेल्या ना? मग ते पोस्टरवर टाका. त्यांचा फोटो मोठा, सिनेमाचं चित्र छोटं. खाली लिहा, शेवटपर्यंत झुंजल्या. पन्नास माणसं जास्त येतील, लिहून घ्या."

"ती बघायला येणार नाहीत. सांत्वनाला येतील."

"तिकीट काढून येतायत ना? मग तुम्हाला काय करायचंय?"

त्याने फोन ठेवला. मग बराच वेळ एका शिलाई मशीनचं तेल पुसत बसला. पुसून झालं तरी पुसत बसला. पन्नास माणसं म्हणजे कमी नव्हती.

मंगळवारच्या पट्ट्या मेहुण्याने छापून आणल्या. जिथे जुनी तारीख लागली होती तिथे दोघांनी मिळून त्यावर नवी डकवली. टाकीच्या भिंतीकडे मात्र तो गेला नाही. मेहुण्याला तिथलं पोस्टर माहीतच नव्हतं. शिडी आणायला गेला तेव्हा त्याने वर बघितलं नव्हतं.

मंगळवारी तो तिने घेतलेला शर्ट घालून थिएटरच्या दारात उभा राहिला. मेहुण्याला आणि घरच्या सगळ्यांना त्याने येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मेहुण्याची बायको म्हणाली, "हे बाई नवलच. घरचा सिनेमा आणि घरच्यांना बंदी." पण कुणी आलं नाही.

आणि माणसं आली. तो खरोखर चकित झाला. एक म्हातारा-म्हातारी आली. हेल्मेट हातात घेतलेला एक माणूस आला. कॉलेज बुडवून आलेली एक जोडी आली; त्यांना अंधार हवा होता हे दिसतच होतं, पण तीही परकी होती, तिकीट काढून आली होती. बाजारातले दोन हमाल थंड हवेत झोपायला आले. तिला हे सगळे चालले असते. झोपायला आलेला माणूस जागा राहिला तर तिला जास्तच आवडलं असतं.

सगळ्यांच्या मागून एक बाई घाईने आली. खांद्याला डब्याची पिशवी. तिने त्यालाच थिएटरचा माणूस समजून विचारलं, "सुरू झाला का हो? माझी बस चुकली."

"नाही अजून. जा आत."

"तुमची काय पद्धत आहे हो? टाकीच्या भिंतीवर पोस्टर लावलंय आणि तारीखच नाही. महिना झाला, बसमधून रोज बघते. शेवटी चौकशी करकरून या थिएटरला फोन लावला, तेव्हा कळलं. आज अर्धी रजा टाकलीय."

त्याने दाराचा पडदा बाजूला धरला. ती आत गेली. मग तोही गेला आणि मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसला. त्याच्या आणि पडद्याच्या मधे परकी डोकी होती. तिने सांगितलं होतं तसं.

दिवे गेले. पडदा काळा राहिला.

बऱ्याच वेळाने हमालांपैकी एक जण ओरडला, "अरे, सिनेमा दाखवा! काळोख घरी आहे आमच्या!" हशा झाला. दिवे परत लागले. मॅनेजर दारात येऊन त्याला खुणावत होता.

वर ऑपरेटर मशीनसमोर उभा होता. "सिनेमा आहे," तो म्हणाला. "आत सगळा आहे. उघडत नाहीय. किल्लीची मुदत संपलीय म्हणतंय." त्याने बोट दाखवलं. मशीनच्या छोट्या पडद्यावर जुन्या शुक्रवार-रविवारच्या तारखा होत्या. "नवी किल्ली आणली नाहीत?"

"नवी?"

मॅनेजर आणि ऑपरेटरने एकमेकांकडे बघितलं. "चूक माझीही आहे," मॅनेजर हळूच म्हणाला. "आमच्याकडचे सगळे सिनेमे किल्ली घेऊनच येतात. मला वाटलं, तुम्ही..."

त्याने लॅबला फोन लावला. तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, "नवी किल्ली मिळेल सर, पण मागणी मॅडमच्या नावाने, त्यांच्याच ईमेलवरून यायला लागते. प्रत त्यांच्या नावावर आहे."

"त्या वारल्या."

"अरेरे. मग तसा दाखला आणि वारसाचा अर्ज पाठवा. दोन-चार दिवसांत करून देऊ."

"माणसं बसलीयत हो खाली."

"सॉरी सर. आज नाही होणार."

"लॅपटॉप आणू का घरून?" त्याने ऑपरेटरला विचारलं. "त्यात आहे अख्खा."

"इथे लॅपटॉप जोडायची सोयच नाही हो, काका."

आयुष्यभर त्याने बंद पडलेली मशीनं उघडली होती. कुठे सुई वाकलेली असायची, कुठे पट्टा सैल असायचा, कुठे दोऱ्याचा गुंता. हे पहिलंच असं मशीन होतं की ज्यात बिघाड काहीच नव्हता. ते सांगितलेलं काम करत होतं. चोराला आत येऊ देत नव्हतं.

खाली पैसे परत द्यायला सुरुवात झाली. म्हातारी म्हाताऱ्याला म्हणाली, "चला, निदान पाय तरी टेकले थोडा वेळ." हेल्मेटवाला कुरकुरत गेला. हमाल तोवर झोपले होते; त्यांना कुणी उठवलं नाही. ती डब्याच्या पिशवीवाली बाई मात्र परत केलेले पैसे मुठीत धरून बाकावर बसून राहिली.

"बस अजून तासाने आहे," ती म्हणाली. "काय झालं हो?"

"कुलूप उघडलं नाही."

"सिनेमाला कुलूप असतं?"

"याला आहे."

"अगंबाई! कुणी केलाय सिनेमा?"

"माझ्या बायकोने."

"तुमच्या? मग तुम्ही थिएटरचे नाही होय. मी उगाच बोलले मघाशी." ती ओशाळली. "त्या आल्या नाहीत?"

"नाही," तो म्हणाला. पुढचं त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचा चेहरा बदलला असता, आणि मग तीही घरी येऊन गेलेल्या बायकांसारखीच दिसली असती.

"मग तुम्हीच सांगा काय आहे ते. ती बाई कुठे चाललेली असते सुटकेस घेऊन?"

त्याने सांगायला सुरुवात केली. त्याला गोष्ट सांगायची सवय नव्हती. आधी तो मधलंच काही सांगायचा, मग मागे यायचा. बसस्थानकाची खिडकी सांगितली. सुटकेसवरची धूळ सांगितली. बाई रोज ती पुसते आणि एक दिवस पुसायचं विसरते, ते सांगितलं. गावी जाणारी बस वाटेत बंद पडते आणि सगळे उतरतात, ती एकटी सुटकेस मांडीवर घेऊन आतच बसून राहते, तेही सांगितलं. ते चित्रीकरण करताना खरंच बस बंद पडली होती. बाकावरची बाई मधेच "हं" म्हणायची. एकदा म्हणाली, "मीसुद्धा नसते उतरले." बोलता बोलता त्याचे दोन्ही हात काठी धरल्यासारखे वर गेले होते. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने खाली घेतले.

"मग ती त्या घरापाशी पोचते," तो म्हणाला. "दार बंद असतं."

"ते पोस्टरवर आहे. पुढे?"

त्याने हात गुडघ्यांवर ठेवले.

"पुढे काय होतं? उघडतं का दार? तेवढ्यासाठीच आलेय मी. रोज बसमधून जाताना वाटायचं, या बाईला आत घेतात की नाही?"

"तीन शेवट घेतले होते," तो म्हणाला. "कुठला ठेवलाय, मला माहीत नाही."

"म्हणजे? तुम्ही बघितला नाही?"

"आज बघणार होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हसावं की काय, तिला कळेना. मग तिने पिशवी उचलली. उठायला तिला थोडा वेळ लागला.

"परत लागेल ना?"

"लावतो."

"तारीख तेवढी लिहा हं भिंतीवर. मी रोज जाते तिथून. दिसली की येते." दारातून वळून ती म्हणाली, "आणि बाईंना सांगा, पोस्टर फार चांगलं झालंय."

"सांगतो," तो म्हणाला.

दाखला आणि अर्ज पाठवल्यावर लॅबने नवी किल्ली दिली. तोवर थिएटरला मोठा सिनेमा लागला होता, सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे खेळ त्याचेच. किल्लीची मुदत तशीच गेली. त्याने पुन्हा करून घेतली. तीही गेली. तिसऱ्या खेपेला लॅबची मुलगीच म्हणाली, "काका, आधी थिएटर ठरू द्या ना." मग तो भला मॅनेजर नोकरी सोडून गेला. नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. नवा फोनवरची नजर न काढता म्हणाला, "नट कोण आहे?"

आठवड्याचे खेळ सोमवारी ठरतात, म्हणून तो सोमवारी दुकान उशिरा उघडतो. थिएटरच्या बाकावर बसतो. नवा मॅनेजर येताना-जाताना "बघू" म्हणतो. वाईट माणूस नाही. त्याला तरी काय म्हणावं?

मेहुणा अधूनमधून येतो. मागे एकदा चिडून म्हणाला, "लॅपटॉप आहे ना घरात? मग निदान तुम्ही तरी बघा. दार उघडणारा मी आहे, मलासुद्धा माहीत नाही मी सिनेमात आहे की नाही!"

"हॉलमध्ये बघू."

"आणि हॉल मिळालाच नाही तर?"

लॅपटॉप तिने ठेवला होता तिथेच, कपाटात, तिच्या शालीखाली आहे. तो अधूनमधून चार्जिंगला लावतो आणि परत ठेवतो.

दुकानात जाताना आता तो टाकीच्या रस्त्याने जातो. ऊन लागून पोस्टर फिकट झालंय. दाराचा रंग गेलाय, बाई अजून दिसते. शेजारी दुसरी पोस्टरं लागली आणि उतरली, यावर कुणी काही चिकटवलेलं नाही. बस थांबते तेव्हा तो खिडक्यांकडे न बघता पुढे जातो.

खालची चौकट कोरी आहे. पट्टी अजून छापायची आहे. तारीख ठरायची आहे.